कोआला झिंगलेला नसतो, बाळाला तेल पाजू नका

‘ऑस्ट्रेलियातला कोआला निलगिरीचा पाला खाऊन वीस तास नशेत पडून असतो. शास्त्रज्ञांना त्याच्या रक्तात आणि श्वासातही निलगिरी तेल सापडलंय. रडक्या बाळाला दुधातून दोन थेंब द्या, शांत झोपेल.’ हे काल घरच्या ग्रुपवर आलं. त्याच ग्रुपात सहा महिन्यांच्या बाळाची आई आहे, म्हणून शेवटच्या ओळीपासून सुरुवात.

बाटलीतलं तेल म्हणजे पाला नव्हे. त्यात बहुतांश नुसतं सिनिओल, म्हणजे निलगिरीला तिचा उग्र वास देणारं रसायन, असतं. लहान मुलाच्या पोटात चहाचा चमचाभर गेलं तरी ग्लानी, झटके, श्वास मंदावणं, काहीही होऊ शकतं. ‘दोनच थेंब’ म्हणाल, तर ड्रॉपर नसलेली बाटली कलंडली की किती पडेल याचा नेम नाही. तेल दुधात मिसळत नाही, वर तरंगतं. ठसका लागला की फुप्फुसात. पाजलं गेलंच असेल तर उलटी करवू नका, बाटली घेऊन दवाखाना गाठा.

कोआलाच्या झोपेचं कारण साधं आहे: पाल्यात चोथा फार, ऊर्जा कमी.

रक्तात सिनिओल सापडतं, हे मान्य. पण पुढचं ऐका. टास्मानियातल्या संशोधकांनी ब्रशटेल पॉसम या निलगिरीचा पाला खाणाऱ्या दुसऱ्या पिशवीवाल्या प्राण्यावर केलेला अभ्यास २००५ साली छापून आला. खाण्यातलं सिनिओल झपाट्याने रक्तात उतरलं आणि ठरावीक पातळी गाठताच प्राण्याने खाणं थांबवलं. नशेखोर असा थांबतो? कोआलाचं यकृत तर सिनिओलचं रूप पालटून ते लघवीवाटे काढून टाकतं. २०१८च्या जनुकीय अभ्यासात या कामाच्या एंझाइमांची जनुकं त्याच्यात मुबलक निघाली.

आता श्वास. नाकाबंदीतलं यंत्र दारू मोजतं ते रक्तातली दारू आणि श्वासातली दारू यांचं गुणोत्तर ठाऊक असल्यामुळे. दारूचं ते गुणोत्तर सिनिओलला लावता येत नाही. सिनिओल मोजायला श्वासातली हवा शोषक भरलेल्या नळीतून ओढतात, नळी तापवून गॅस क्रोमॅटोग्राफला, म्हणजे वाफेतले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, देतात. घोळ होतो तो त्याआधीच: पिंजऱ्यातला ताजा पाला आणि तोंडातला चोथा दोन्हींतून सिनिओल उडत असतं. म्हणून पाला काढून रिकाम्या पिंजऱ्याच्या हवेचीही एक नळी भरावी लागते. रक्ताची कुपी अर्धवट भरली, तर सिनिओल वरच्या पोकळीत जातं, रबरी बुचातही मुरतं आणि आकडा कमी येतो. मेसेजवाल्याने रिकाम्या पिंजऱ्याचा आकडा दिलाय का कुठे?