कर्ज माफ करू इच्छिणाऱ्या राष्ट्रांसाठी काही सूचना

युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या एखाद्या देशाचे कर्ज माफ करून पुण्य पदरी पाडून घ्यावे असे आपल्या मनात असेल, तर त्याची पूर्वतयारी वीसेक वर्षे आधीच करावी लागते, कारण माफ करायला मुळात कर्ज असावे लागते. या बाबतीत इराकचे उदाहरण आदर्श मानायला हरकत नाही. १९८० ते १९८८ या काळात सद्दाम हुसेन इराणशी लढत होते, तेव्हा सोव्हिएत संघाने आणि फ्रान्सने त्यांना उधारीवर शस्त्रे पुरवली, तर कुवेत आणि सौदी अरेबियाने रोख पैसा. हुकूमशहा उधळ्या आहे, याची धनकोंना त्या वेळी कल्पना नसावी. ती पुढे, कर्ज वसूल होईना तेव्हा आली.

यानंतर व्याजाकडे लक्ष द्यावे. इराकने कुवेतवर आक्रमण केल्यावर ऑगस्ट १९९० मध्ये सुरक्षा परिषदेने इराकवर निर्बंध लादून त्याचे आर्थिक व्यवहार गोठवले. ऋणकोने हप्ता भरणे असे आपणच अशक्य करून ठेवावे आणि हप्ता थकला म्हणून त्यावर व्याज मात्र आकारत राहावे, ही युक्ती बारा-तेरा वर्षे नेटाने चालवल्यास फळ उत्तम येते. पॅरिस क्लब या धनको राष्ट्रांच्या अनौपचारिक गटातील सदस्यांचे मुद्दल सुमारे २१ अब्ज डॉलर होते; थकलेल्या व्याजासह तो आकडा ३८.९ अब्जांवर गेला. पुढे यातून जी घसघशीत सूट द्यायची, तिचा मोठा भाग हे असे कधीच हाती न येणारे व्याज असेल, हे जाहीर निवेदनात नमूद करण्याचे कारण नाही.

आपले स्वतःचे येणे शक्यतो किरकोळ असावे, म्हणजे औदार्याला मर्यादा राहत नाही. २००३ मध्ये इराकवर आक्रमण करून सद्दामला हटवणाऱ्या अमेरिकेचे येणे जेमतेम ४ अब्ज डॉलर होते. त्यामुळे जवळजवळ सगळेच कर्ज माफ व्हावे असा आग्रह तिला मोकळेपणाने धरता आला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा अधिकार आक्रमण करून जिंकणाऱ्याला असतोच. डिसेंबर २००३ मध्ये या कामासाठी जेम्स बेकर यांची विशेष दूत म्हणून नेमणूक झाली. १९८९ मध्ये परराष्ट्रमंत्री असताना सद्दामच्या इराकला धान्यखरेदीसाठी कर्जहमी मिळावी म्हणून त्यांनीच आपले वजन खर्ची घातले होते, तेव्हा विषयाची जाण असलेला माणूस मिळाला असे म्हणावे लागेल. ते पॅरिस, बर्लिन आणि मॉस्कोला निघण्याच्या बेतात असतानाच पेंटॅगॉनने जाहीर केले की, पुनर्बांधणीच्या १८.६ अब्ज डॉलरच्या कंत्राटांत फ्रान्स, जर्मनी व रशिया यांना मुख्य कंत्राटदार म्हणून प्रवेश नाही. ज्याच्या दारी याचना करायला जायचे, त्याच्या तोंडावर आदल्याच दिवशी दार आपटावे, हा मुत्सद्देगिरीचा पाठ आपणही गिरवण्यासारखा आहे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. जुलमी राजवटीने काढलेले कर्ज जनतेवर बंधनकारक नसते, हे तत्त्व चुकूनही कागदावर येऊ देऊ नये. १८९८ च्या युद्धानंतर क्यूबाच्या माथी मारलेले स्पॅनिश कर्ज अमेरिकेने याच धर्तीच्या युक्तिवादाने नाकारले होते, हे खरे; पण इराकला हे तत्त्व लागू केले, तर उद्या आपला जुना हुकूमशहा मोबुटू याच्या कर्जाखाली दबलेला काँगोही तेच बोलू लागेल. म्हणून हक्काची भाषा टाळून कृपेची भाषा वापरावी. फ्रान्सने तेलसंपन्न इराकला ५० टक्के सूट पुरेशी आहे, आफ्रिकेतील गरिबांना काय उत्तर द्यायचे, असा प्रश्न केला. प्रश्न बिनतोड होता. त्या गरिबांना त्याचा उपयोग झाला नाही, एवढेच. अखेर २१ नोव्हेंबर २००४ रोजी सौदा ८० टक्क्यांवर पटला.

ही माफीही एकदम देऊ नये. ३० टक्के लगेच, ३० टक्के आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कार्यक्रम मंजूर झाल्यावर आणि उरलेले २० टक्के तो कार्यक्रम तीन वर्षे नीट पाळल्यावर, अशी विभागणी केली की कर्ज जाते पण लगाम हातात राहतो. डिसेंबर २००५ मध्ये कार्यक्रम मंजूर होण्याच्या तोंडावर नाणेनिधीच्या अटीनुसार इराकमध्ये इंधनाचे दर एका फटक्यात कित्येक पटींनी वाढले, लोक रस्त्यावर आले आणि दरवाढीला विरोध करणारे तेलमंत्री इब्राहिम बहर अल-उलूम सक्तीच्या रजेवर गेले. नवी लोकशाही किती जबाबदारीने वागू लागली आहे, याचा धनकोंना याहून चांगला पुरावा काय हवा होता?

आणि जे वसूल करायचेच आहे, त्याला कर्ज म्हणू नये. कुवेतवरील आक्रमणाची नुकसानभरपाई कर्जाच्या यादीत नव्हती, म्हणून तिच्यावर माफीची चर्चाही झाली नाही. सद्दाम गेल्यावरही तेलाच्या उत्पन्नातून तिची कपात चालू राहिली. २०२२ मध्ये शेवटचा हप्ता चुकता झाला, तोवर एकूण ५२.४ अब्ज डॉलर देऊन झाले होते, म्हणजे पॅरिस क्लबच्या व्याजासकट येण्यापेक्षाही अधिक.