छावनीने जपलेले आडनाव

ग्वाल्हेरचा शिंदे म्हटले की परगावी पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे तुम्ही सिंधियांपैकी का?" आमच्या घराचा राजघराण्याशी काहीही संबंध नाही, पण आडनाव एकच आहे, आणि मराठीत लिहिता-बोलताना ते दोघांच्याही बाबतीत 'शिंदे' असेच राहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

त्या राजघराण्याचे मूळपुरुष राणोजी शिंदे सातारा भागातल्या कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातले. पहिल्या बाजीरावांच्या काळात ते माळव्यात आले आणि उज्जैन हे त्यांचे मुख्य ठाणे झाले, तरी जोतिबाच्या डोंगरावरचे आजचे देऊळ १७३० मध्ये त्यांनीच बांधले, यावरून ओढ कुठे होती ते कळते. पुढे या एका घराने जे सोसले, ते वाचताना आजही जीव कासावीस होतो. १७५५ मध्ये नागौरला जयाप्पा मारले गेले, १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी पडले, आणि वर्षभराने पानिपतावर तुकोजी गेले. जयाप्पांचे कोवळे पुत्र जनकोजी शत्रूच्या हाती लागून मारले गेले. जखमी पायानिशी वाचलेल्या महादजींनी दिल्लीच्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवले, तरी मराठी माणसांत ते शेवटपर्यंत 'पाटीलबाबा'च राहिले. ज्यांना पाटीलकीचा एवढा अभिमान, त्यांचे आडनाव आपण परभाषेच्या वळणाने का घ्यावे?

'सिंधिया' हे रूप उत्तरेकडच्या उच्चारातून रुळले आणि इंग्रजी कागदांनी पक्के केले. हिंदीत ते खुशाल असावे. पण १८१० मध्ये महादजींचे वारस दौलतराव यांचा तळ पडला आणि ग्वाल्हेरचा लश्कर हा भाग वसला, त्या लश्करच्या बाजूची वस्ती आजही 'शिंदे की छावनी' आहे. एक अक्षरही मराठी न येणारा रिक्षावाला हेच नाव बिनचूक उच्चारतो.

माझ्या मुलीच्या शाळेने दाखल्यावर 'सिंधे' लिहिले, तेव्हा दुरुस्तीसाठी तीन खेपा घालाव्या लागल्या. "एका अक्षराने काय बिघडते?" असे तिथे मला विचारले गेले. घरी पणजीचा तांब्याचा हंडा आहे. त्याच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले 'शिंदे' चिंचेने घासून घासून पुसट झाले आहे, पण त्यातला 'शिं' बोटाला अजून लागतो. दाखला दुरुस्त होऊन आला, त्या संध्याकाळी मी मुलीचे बोट त्यावरून फिरवले.