सर-२ : ‘दीर्घायुष्याचे जनुक’ की जनुकांना गप्प ठेवणारे प्रथिन?

यीस्टमधील ‘सर-२’ हे दीर्घायुष्याचे जनुक आहे, त्यापासून बनणारे प्रथिन वार्धक्य आणणारी जनुके एकटेच बंद करते, आणि तेच माणसातही असल्यामुळे त्याला चालना देणारी गोळी घेतली की आयुष्य वाढते, असा मजकूर मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे.

पहिला आक्षेप प्रथिनाच्या कामाबद्दल. यीस्टच्या तिसऱ्या गुणसूत्रावर ‘ए’ आणि ‘अल्फा’ या दोन्ही लिंगप्रकारांच्या राखीव प्रती असतात आणि त्या मूक ठेवणे हे सर-२ चे मूळ काम आहे. एरवी ‘ए’ प्रकारच्या पेशींवर अल्फा संप्रेरक टाकले की त्या विभाजन थांबवून पेर या फळासारख्या निमुळत्या होतात. सर-२ नसेल तर दोन्ही राखीव प्रती बोलू लागतात, पेशीला आपण द्विगुणित (दोन्ही प्रकारांच्या मिलनातून बनलेली) असल्याचा भास होतो आणि ती संप्रेरकाला दाद न देता विभाजत राहते. यात वार्धक्याचा संबंध कुठेच येत नाही.

‘एकटेच’ हा शब्द तर साफ चुकीचा आहे. सर-२ ला डीएनएवरील नेमकी जागा स्वतःहून ओळखता येत नाही. तिथे आधीच बसलेल्या प्रथिनांच्या आधाराने सर-४ हे दुसरे प्रथिन त्याला घेऊन येते. सर-२ च्या रचनेत एक मोठा आणि एक लहान, जस्ताचा अणू धरून ठेवणारा, असे दोन भाग असतात आणि त्यांच्यामधल्या खाचेत एनएडी (पेशीतील एक सहायक रेणू) व हिस्टोनचे (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाचे) शेपूट एकत्र येतात. तिथे एच-४ हिस्टोनच्या सोळाव्या क्रमांकाच्या लायसिन या अमिनो आम्लावरचा ॲसिटिल हा छोटा रासायनिक गट काढला जातो आणि अशा प्रत्येक गटामागे एनएडीचा एक रेणू खर्ची पडतो. पण गट निघाला म्हणजे जनुक गप्प झाले असे नव्हे. त्या मोकळ्या लायसिनवर सर-३ हे आणखी एक प्रथिन घट्ट बसते, सर-४ पुन्हा नवे सर-२ आणते, आणि ही साखळी शेजारच्या न्यूक्लिओसोमवर (हिस्टोनांभोवती डीएनए गुंडाळलेल्या पुढच्या गाठोड्यावर) सरकते. सर-३ न्यूक्लिओसोमला कसे बिलगते याची स्फटिकरचना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्व प्रसिद्धी सर-२ ला मिळावी, हा सर-३ वर अन्यायच आहे.

आयुष्याचा मुद्दा मात्र पूर्ण निराधार नाही. सर-२ ची एक जादा प्रत दिल्यास मातृपेशीच्या (जिच्यातून नव्या पेशी फुटतात तिच्या) विभाजनांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढते, हे १९९९ मध्ये दाखवले गेले. त्याचे कारण बाराव्या गुणसूत्रावर आहे. तिथे प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएची जनुके शंभराहून अधिक वेळा ओळीने येतात. त्यांतून सुटलेली डीएनएची वर्तुळे मातृपेशीत साचत जातात आणि सर-२ ही सुटका रोखते. या कामात सर-३ आणि सर-४ लागतही नाहीत. म्हणजे इथे ‘वार्धक्याची जनुके’ बंद होत नाहीत, यीस्टची एक खास अडचण आवरली जाते. शिवाय हे मोजमाप विभाजनांचे आहे. विभाजन थांबलेल्या पेशी किती दिवस तगतात हे पाहिले, तर काही परिस्थितींत सर-२ काढून टाकल्यानेच आयुष्य वाढल्याचे दिसते.

राहिली गोळी. माणसात या कुळातील एक नव्हे, सात प्रथिने आहेत आणि त्यांपैकी तीन मुख्यतः मायटोकाँड्रियात (पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत) काम करतात. द्राक्षांत आढळणारे रेस्व्हेरॅट्रॉल या सातांपैकी एकाला चालना देते असे २००३ मध्ये जाहीर झाले, पण ही चालना चाचणीतील पेप्टाइडला (प्रथिनाच्या छोट्या तुकड्याला) जोडलेल्या चमकत्या रंगद्रव्यावर अवलंबून होती, हे २००५ मध्येच उघड झाले.