बंदूक ठाण्यात, डुकरं शेतात

गेल्या वर्षी ऑक्टोबर संपता संपता गावाहून दादाचा फोन आला, तेव्हा मी गॅरेजमध्ये मचाणाचे पट्टे ओढून बघत होतो.

"काय करतंस?"

"हरणाच्या सीझनची तयारी."

पलीकडे जरा वेळ शांतता, मग हसू. "तुझी बंदूक घरात, माझी ठाण्यात. नि डुकरां खंय आसत? शेतात!"

आमचं घर तळकोकणात. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून दादाकडे आलेली ठासणीची एक बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. 2024 ची विधानसभा 20 नोव्हेंबरला होती आणि आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली. निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, हा आमच्याकडचा रिवाज. नेमकं तेव्हाच भात कापणीला आलेलं असतं. म्हणजे पिकाची राखण करायला दिलेली बंदूक पीक तोंडाशी आल्यावर कुलपात. तसं तिने आजवर फार काही मारलेलं नाही. रात्री एक बार काढायचा, कळप पळवायचा, पुन्हा झोपायचं, एवढंच तिचं काम. निवडणुकीचा निकाल 23 नोव्हेंबरला लागला. त्याच दिवशी इकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये हरणांचा नऊ दिवसांचा बंदुकीचा सीझन उघडला.

मी इथे नोकरीसाठी आलो, शिकारीसाठी नाही. पहिली काही वर्षं नोव्हेंबरात अर्धं ऑफिस रजेवर का जातं, हेच कळत नव्हतं. शेजारी एक निवृत्त दूधवाला शेतकरी आहे, त्याने नादाला लावलं. तेव्हा मी व्हिसावर होतो. व्हिसावरच्या माणसाला एरवी अमेरिकेत बंदूक बाळगता येत नाही, पण राज्याचा शिकारीचा परवाना असला तर येते. कायद्यातली ही फट ऐकून माझे मुंबईचे मित्र अजून डोक्याला हात लावतात. परवान्याआधी प्रशिक्षण. 1 जानेवारी 1973 ला किंवा नंतर जन्मलेल्यांना ते सक्तीचं. त्यात नेमबाजी थोडी आणि "गोळी चुकली तर पुढे कुठे जाईल" हे फार. पहिलं हरीण पडलं, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या वर्षी गेलं.

सप्टेंबर लागला की तयारी सुरू. धनुष्यवाल्यांचा सीझन तेव्हाच उघडतो. बंदुकीचा थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी, यंदा, 2025 मध्ये, 22 नोव्हेंबरला. रायफलचा नेम तपासायचा, फ्रीजर रिकामा करायचा, नारिंगी जाकीट शोधायचं. कमरेवरचे निम्मे कपडे तरी भडक नारिंगी असावे लागतात. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो. तो घातलेला माणूस मात्र मी अजून रानात पाहिलेला नाही. पण तयारीचा मोठा भाग म्हणजे नियम वाचणं, कारण ते दरवर्षी हलतात. कोणत्या काउंटीत (इथला जिल्हा) बिनशिंगाचं हरीण, म्हणजे मादी किंवा पाडस, मारायचे किती परवाने सुटले? मक्याचं आमिष टाकायला बंदी कुठे आली, कुठे उठली? मेलेलं हरीण अख्खं कुठून कुठे न्यायचं नाही? पाठीवर नंबराचा कागद लावायची जुनी पद्धत गेली. आता मारल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवरून नोंद करायची: कोणती काउंटी, कोणती तारीख, शिंगांचं की बिनशिंगाचं.

नियम हलण्याचं एक मोठं कारण माझ्या घरापासून फार लांब नाही. माउंट होरेबजवळ मारलेल्या हरणांत फेब्रुवारी 2002 मध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. मेंदू पोखरणारा, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा, हरणाला हमखास मारणारा रोग. माणसाला झाल्याचं उदाहरण नाही, तरी बाधित मांस खाऊ नका असा सरकारी आरोग्यसंस्थेचा सल्ला आहे. म्हणून आम्ही हरणाचं मुंडकं तपासणीच्या पेटीत ठेवून येतो आणि निकाल येईपर्यंत मांसाच्या पुड्यांकडे नुसतं बघत बसतो.

रोग सापडल्यावर सरकारने हरणं झपाट्याने कमी करायचं ठरवलं. त्यासाठी नियम लावला, आधी बिनशिंगाचं मारा, मग शिंगांचा नर मारायची परवानगी मिळवा. शास्त्राच्या दृष्टीने चोख, कारण संख्या माद्यांनी वाढते. लोकांना तो अजिबात आवडला नाही. वर्षभर ज्या नराची वाट पाहिली तो समोर उभा आणि बोट चापाबाहेर! अखेर 2011 मध्ये विधिमंडळाने तो नियमच कायद्याने मोडीत काढला. रोग पसरतोच आहे. मला विचाराल तर तो नियम बरोबर होता आणि आम्ही शिकाऱ्यांनी हट्टाने तो घालवला.

तरीही मला इथली जी गोष्ट गावाला न्यावीशी वाटते, ती रानातली नाहीच. 1934 पासून या राज्यात काँझर्वेशन काँग्रेस नावाची लोकांची सभा आहे. दर एप्रिलला बहात्तरच्या बहात्तर काउंट्यांत, कुठे शाळेच्या कँटीनमध्ये, कुठे जिममध्ये, माणसं जमतात आणि शिकार-मासेमारीच्या प्रश्नांवर मत देतात. मत सल्ल्यापुरतंच असतं. पण ते मोजलं जातं, छापलं जातं, आणि निर्णय घेणाऱ्यांपुढे ठेवलं जातं. कधी कधी भलतंच निघतं. 2005 मध्ये मोकाट मांजरांचं संरक्षण काढावं का, असा प्रश्न आला आणि 6,830 विरुद्ध 5,201 मतांनी "हो" निघालं. देशभर हसं झालं, गव्हर्नरने विषय तिथेच संपवला. 2025 च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांवरून तिकडे सर्वोच्च न्यायालयापासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत जे पेटलं, ते वाचताना मला सारखी ही मांजरं आठवत होती.

तिकडची चर्चा मी रोज वाचतो. शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला, शेवटी बिबट्याला गोळी घातली. 2018 मध्ये यवतमाळात अवनी वाघिणीला मारलं तेव्हा शहरांत मेणबत्त्या लागल्या आणि राळेगावकडच्या गावांत फटाके वाजले. 2016 मध्ये तर नीलगायी मारण्यावरून केंद्रातले दोन मंत्री, मनेका गांधी आणि आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर, उघडपणे एकमेकांसमोर उभे राहिले. दर वेळी प्रश्न एकच: मारायचं की नाही मारायचं? आणि तो नेहमी प्रेत पडल्यावरच विचारला जातो, माणसाचं किंवा जनावराचं.

बिबट्या आणि वाघ मी या हिशेबात धरतच नाही. त्यांच्या शिकारीचे परवाने द्यावेत असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण रानडुकराचं काय? विदर्भात रोह्याचं, म्हणजे नीलगायीचं काय? माधव गाडगीळांनी अनेकदा मांडलं की बाकीच्या जगासारखी परवान्याने शिकारीला मुभा द्यावी आणि निर्णय स्थानिकांच्या हाती असावा. त्यावर त्यांना जे ऐकावं लागलं, ते ऐकवणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा मी ठाणे शहरात फ्लॅटमध्ये राहत होतो आणि गावचा तांदूळ आयता गोणीतून यायचा.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, हे खरं आहे आणि खोटंही. बंदुकीच्या शौकाची थांबली, आणि ते चांगलं झालं. तो कायदा नसता तर आज ताडोबात सफारीला काय दाखवलं असतं कोण जाणे. पण कोकणात कुंपणाला तारेची फासकी लागते, कुठे पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब, विदर्भात तारेत थेट करंट. फासकीला डुक्कर कोणतं आणि बिबट्या कोणता हे कळत नाही. करंट तर वाघालाही लागतो आणि रात्री पाणी द्यायला निघालेल्या शेजाऱ्यालाही. यातलं बरंचसं कुठेच नोंदलं जात नाही, कारण नोंदवणारा गुन्हेगार ठरतो. परवानगीने मारलेलं डुक्करसुद्धा सरकारी मालमत्ता. पुरा किंवा जाळा. इकडे मी गेल्या वर्षी दुसरी मादी गरजूंच्या अन्नछत्राला दिली, त्यासाठी राज्याचीच योजना आहे. गावात पूर्वी शिकार झाली की घरटी वाटे पडायचे, हाकाऱ्यालाही मिळायचा. आता जे होतं ते अंधारात होतं, आणि वाटा मागायला कुणी येत नाही.

म्हणून इथलं उचलून तिथे लावा असं मी म्हणत नाही. इथे माणसं विरळ, रान मोठं. शिवाय इथलंही घसरतं. फेब्रुवारी 2021 मध्ये लांडग्यांची शिकार उघडली. परवानाधारकांचा कोटा 119 चा, आणि तीन दिवसही पुरे व्हायच्या आत 218 मारले. ओजिब्वे या मूळनिवासी लोकांच्या वाट्याला 81 होते, ते त्यांना मारायचेच नव्हते. त्यांच्यासाठी लांडगा भाऊ आहे. तो वाटाही इतरांनी खाल्ला. पण हे आपल्याला कळलं कसं? प्रत्येक लांडग्याची नोंद झाली म्हणून. वर्षभरात न्यायालयाने संरक्षण परत दिलं.

ओजिब्वेंवरून पारधी आठवतात. 1837 आणि 1842 च्या करारांतला शिकारीचा हक्क ओजिब्वेंना 1983 मध्ये कोर्टातून परत मिळाला, मग मासे मारायला गेल्यावर काठावरून गोऱ्यांचे दगडही खावे लागले. आपल्याकडे फासेपारध्यांना इंग्रजांच्या गुन्हेगारी जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का पुसल्याला वीस वर्षं होतात न होतात, तोच 1972 ने त्यांचा धंदा गुन्हा झाला. रान त्यांच्याइतकं कुणाला कळतं? डुकरं मोजायची वेळ आलीच तर मी आधी त्यांना बोलावीन, आणि पगार देऊन.

मला एवढंच हवंय. आधी मोजा. तालुक्याला एक सभा, वर्षातून एकदा, पिकं उभी असताना. तिथे शेतकरी, वनखातं आणि डुक्कर मारू नये म्हणणारेही. किती डुकरं, किती नुकसान, यंदा किती मारायची. शून्य ठरलं तरी हरकत नाही. आणि मारलेल्याची नोंद करणाऱ्याला अभय.

हे फोनवर दादाला सांगितलं. नोंदीचं ऐकून त्याने विचारलं, "नि खोटां सांगलास तर?"

"दंड. परवाना जातो."

"हंय खरां सांगला तर जाता," तो म्हणाला.

यंदा भाताच्या वेळी बंदूक घरातच होती. पण ऑक्टोबरअखेरच्या पावसाने भात शेतातच आडवं केलं, उभं राहिलेलंही काळं पडलं. डुकरं आली का म्हणून विचारलं, तर म्हणाला, आली होती, चिखल बघून परत गेली. मी शनिवारी पहाटे चारला निघणार आहे. थर्मास भरून झालाय, परवाना छापून झालाय, आणि या वर्षीचं नियमांचं पुस्तक स्वयंपाकघरात फ्रीजवर पडलंय, दोन पानं दुमडलेली.