एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: कोथरूडचा फ्लॅट आणि ते अकरा दिवस

नमस्कार सर. तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला आणि मॅडमना जो मनस्ताप झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. तो फ्लॅट गेला हे तुम्हाला माझ्या तोंडून कळायला हवं होतं, वॉचमनकडून नाही. तेवढी चूक माझी आहे, मान्य आहे.

पण तुम्ही लिहिलंय की "लायसन्सवाल्या एजंटने आम्हाला फ्लॅट दाखवला आणि मागच्या दाराने स्वस्तात स्वतःच ढापला, ह्यांना रेराच्या नियमाने प्रॉपर्टी घेताच येत नाही, सावध राहा" (रेरा म्हणजे बिल्डर आणि एजंट लोकांवर लक्ष ठेवणारा कायदा). हे २२ वर्षं ह्या धंद्यात असलेल्या माणसाबद्दल लिहिलंय. खाली सत्तावीस जणांनी लाइक केलंय, त्यातले दोन माझे जुने कस्टमर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

आधी तारखा, कारण "दोन दिवसात पलटी मारली" हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. तुम्ही फ्लॅट बघितला रविवारी, ७ सप्टेंबर २०२५ ला. पक्कं आठवतं कारण आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालूच होती, रस्ते बंद, तुम्ही हडपसरहून वळसा घालून आलात आणि त्या दिवशी ग्रहण होतं म्हणून मॅडम म्हणाल्या दुपारी वेध लागायच्या आत घरी पोचायचंय. सगळं मिळून वीस मिनिटं बघितलात. मंगळवारी सांगतो म्हणालात. मंगळवारी मीच फोन केला, तर तुम्ही म्हणालात पितृपक्षात टोकन देत नाही, घटस्थापनेनंतर बघू, आणि ८८ लाखाचे ८४ करायला सांगा. घटस्थापना २२ ला होती. आता ओनर काका नाशिकला मुलाकडे शिफ्ट होतायत, तिकडच्या नव्या फ्लॅटच्या बिल्डरची स्लॅबची डिमांड (बांधकामाच्या टप्प्याचा हप्ता) आलेली, त्यांना पितर आणि घट दोन्ही परवडत नव्हते. ८४ ला तर त्यांनी फोनच ठेवला. गुरुवारी ११ तारखेला मी तुम्हाला व्हॉट्सॲप केला, "आणखी एक पार्टी इंटरेस्टेड आहे, लवकर कळवा". निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. १८ ला विसार पावती (टोकन देऊन सौदा पक्का केल्याचा कागद) झाली. मोजा, बघितल्यापासून अकरा दिवस होतात, दोन नाही.

आता तुम्ही म्हणाल ती पार्टी कोण. ती पार्टी मीच होतो. पार्टी होती हे खोटं नव्हतं, पण "मीच घेतोय" असं सरळ लिहायला हात धजला नाही हेही खरं. मला वाटलं तुम्हाला वाटेल ब्रोकर भाव चढवतोय. आमच्या लाइनमध्ये "दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हटलं की कोणी विश्वास ठेवत नाही, आणि "दुसरं गिऱ्हाईक मीच आहे" म्हटलं की भांडण होतं. असो.

भावाचं. "आम्हाला ८८ सांगितले आणि स्वतः स्वस्तात घेतला". सर, ८८ लाखालाच घेतलाय, एक रुपया कमी नाही, इंडेक्स टू काढून बघा, खरेदीची नोंद असलेला सरकारी कागद आहे. विकणाऱ्याकडून एक टक्का ब्रोकरेज आम्ही घेतो, ते ८८ हजार मी काकांकडून घेतले नाहीत, कारण स्वतःच घेणारा असताना समोरच्याकडून दलाली घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही. विसार पावतीवर मी माझ्या हाताने लिहिलंय की खरेदीदार ह्या एजंटच्या पत्नी आहेत आणि ह्या व्यवहारात ब्रोकरेज नाही. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मुलाला फोनवर वाचून दाखवलं, मग सही केली. दोन लाख आरटीजीएसने गेले, मिसेसच्या खात्यातून. मागचं दार असतं तर एवढं कोण लिहितं?

नियमाचंही सांगतो. रेरा कायदा २०१६ चा, त्यात एजंटने काय करायचं ते कलम १० मध्ये आहे. रजिस्टर न झालेल्या प्रोजेक्टमधला माल विकायचा नाही, हिशोब ठेवायचे, खोटी माहिती द्यायची नाही. एजंटने स्वतःचं घर घेऊ नये असं त्यात कुठेच नाही. आणि ही बिल्डिंग रेराच्या कितीतरी आधीची, रीसेलचा माल, रेरा प्रोजेक्टच नाही. खरा नियम १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टमध्ये आहे, कलम २१५ आणि २१६. एजंटने मालकाला न सांगता स्वतःसाठी व्यवहार केला आणि काही महत्त्वाचं लपवलं तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो, एजंटला झालेला फायदाही मागू शकतो. म्हणून तर पावतीवर लिहून घेतलं ना! हे मला कोणी वकिलाने नाही सांगितलं, महारेराने (महाराष्ट्रात रेरा राबवणारं सरकारी प्राधिकरण) एजंटना ट्रेनिंग आणि परीक्षा कंपल्सरी केली तेव्हा वयाच्या ५२ व्या वर्षी मी वीस तास बसून, मग कॉम्प्युटरवर परीक्षा देऊन पास झालोय, शेजारी माझ्या मुलीच्या वयाची पोरं होती. सर्टिफिकेट ऑफिसात फ्रेम करून लावलंय, तुमच्या खुर्चीच्या बरोबर समोर. तक्रार जरूर करा, एजंटविरुद्धही महारेराकडे करता येते, माझा रजिस्ट्रेशन नंबर दारावरच आहे.

आणि "इन्व्हेस्टमेंटसाठी घेऊन ठेवला, आता नफ्यात विकणार" हे. हिशोबच मांडतो. ८८ लाख, त्यावर स्टॅम्प ड्युटी ६ टक्के म्हणजे ५ लाख २८ हजार (मिसेसच्या एकटीच्या नावावर आहे म्हणून ६, नाहीतर पुण्यात ७), रजिस्ट्रेशन ३० हजार. कर्ज ६० लाखाचं, हप्ता साधारण ५० हजार. भाडं येईल २५ हजार. म्हणजे दर महिन्याला २५ हजार मी खिशातून घालणार. दोन वर्षांच्या आत विकला तर नफा उत्पन्नात धरून स्लॅबने टॅक्स. ह्याला लूट म्हणतात का? बावीस वर्षं लोकांना चाव्या दिल्या, स्वतःचं ऑफिस अजून भाड्याचं आहे. आमच्या लाइनचे लोक म्हणतात धंदा करणाऱ्याने मालात जीव गुंतवू नये. एकदा गुंतवला तर हे.

रिडेव्हलपमेंटची बातमी लपवली असं पण लिहिलंय, ते मात्र अजिबात मान्य नाही. लिफ्ट नाही म्हणून आपण दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम खायला थांबलो होतो, तिथे मी सांगितलं की सोसायटीत बोलणं चालू आहे, अजून काही ठरलं नाही. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तीन वर्षं परत भाड्याने राहायचं का?" आणि तुम्ही पाण्याच्या टाकीबद्दल विचारलंत. आठवतंय का?

एक गोष्ट लिहिणार नव्हतो. पण तुम्ही प्रामाणिकपणावर लिहिलंय म्हणून लिहितो. १३ तारखेला तुम्ही वॉचमनकडून काकांचा नंबर घेऊन त्यांना डायरेक्ट फोन केलात की ब्रोकर सोडून करू, दोघांचंही वाचेल. काकांनी मला संध्याकाळीच सांगितलं. मी तुम्हाला एका शब्दाने विचारलं नाही, लोक करतात, आमचं पोट त्यावरच आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. पण मग माझ्या मेसेजला उत्तर द्यायला वेळ नव्हता हे कसं समजू? आणि हो, खरं सांगायचं तर त्या फोननंतरच मी बँकेत गेलो. तोपर्यंत नुसता विचार होता.

मिसेस तर आधीपासूनच म्हणत होती पितृपक्षात नको. आता रोज ऐकवते.

यापुढे घरच्यांसाठी काही बघत असलो तर कस्टमरला आधी सांगायचं असं ठरवलंय, तसा एक फॉर्म वगैरे करून घेतोय, बघू, मुलगी टाइप करून देणार आहे. तुम्ही एकदा निवांत ऑफिसला या, चहा घेऊ. कर्वेनगरला एक टू-बीएचके आलाय, लिफ्ट आहे, ८१ सांगतायत, तुमच्यासाठी माझं ब्रोकरेज अर्धं. हा मी घेणार नाही, घ्यायला उरलंच नाहीये काही. रिव्ह्यूचं काय करायचं ते तुमच्यावर, फक्त "दोन दिवस" तेवढं दुरुस्त केलंत तर बरं होईल.

सोमवारी ऑफिस बंद असतं. आणि मॅडमची निळी छत्री त्या दिवसापासून इथेच आहे, जपून ठेवलीये.