मेडिकल टाकण्यापूर्वी

नोकरी सरकारी आणि गाव नाशिक असेल तर मेडिकल, म्हणजे आजारपणाची रजा, टाकण्याआधी आजारी पडण्याचं शास्त्र शिकून घ्या. इथली हवा किती छान, असं मुंबईचे पाहुणे दर खेपेला सांगून जातात. त्यामुळे दुखणं हवेवर ढकलायची सोय नाही. ते थेट तुमच्या कामचुकारपणाच्या खात्यावर जमा होतं.

तेव्हा आधी आजार नीट निवडा. जुलाब सर्वोत्तम. त्याचा तपशील साहेबसुद्धा विचारत नाहीत. ताप चालतो, कंबर चालते, पण कंबरेला एक्स-रे मागतात. ताण मात्र चुकूनही लिहू नका. 'रात्री झोप लागत नाही, फाईल उघडली की छातीत धडधडतं' असा खराखुरा अर्ज दिलात, तर तो आवक-जावकच्या टेबलावरून चहाच्या टपरीपर्यंत पोहोचेस्तोवर तुमची 'केस' झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेवरही भिस्त ठेवू नका. तिने 2019 साली आजारांच्या अकराव्या यादीत बर्नआउटला, म्हणजे कामाच्या ताणाने पार गळून जाण्याला, जागा दिली खरी, पण आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित घटना म्हणून. म्हणजे घटना घडली हे मान्य, आजार झाला हे अमान्य. ही टिपणी आमच्याच कुणा मुरलेल्या माणसाने लिहून दिली असावी, असा मला दाट संशय आहे.

आता हिशेब. वर्षाच्या 8 किरकोळ रजा लग्नं, बारशी आणि वणीच्या गडावर खर्ची पडतात. अर्धवेतनी रजा वर्षाला 20 दिवस मिळते. डॉक्टरचा दाखला जोडून तीच परिवर्तित करून घेतली की पगार पूर्ण मिळतो, मात्र दहा दिवस अंथरुणाला खिळलात तर खात्यातून वीस वजा होतात. 1981 चे रजा नियम करणारा माणूस जाणता असला पाहिजे. दहा दिवस घरी झोपलेला कर्मचारी त्याआधी दहा दिवस टेबलावर बसून आजारी होता, हे त्याने ओळखलं असणार. राहिली अर्जित रजा. तिला हात लावायचा नसतो. निवृत्तीच्या वेळी 300 दिवसांपर्यंत तिचे पैसे होतात.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांचे 300 कधीच भरलेत. त्यांच्या खणात स्टॅम्पपॅड, टाचण्यांची डबी आणि बीपीच्या गोळ्यांची पट्टी असते. गोळी घेतली की रिकाम्या खाचेवर बॉलपेनने तारीख टाकतात आणि खाली लघुस्वाक्षरी करतात. मी एकदा विचारलं, 'ही कशाला?' म्हणाले, 'उद्या कुणी म्हणालं घेतलीच नव्हती, तर?'

वेळही पाहून पडा. निवडणुकीची ड्यूटी लागल्यावर आलेला हृदयविकार हृदयविकार नसतो. त्याला आधी वैद्यकीय मंडळासमोर सिद्ध व्हावं लागतं. त्र्यंबक रोडवर सिव्हिलच्या आवारात फायली छातीशी धरून उभी असलेली माणसं बघा. त्यातल्या खोट्यांचे कागद चोख असतात. खरे आजारी बिचारे एखादा रिपोर्ट घरी विसरून येतात. 2027 च्या सिंहस्थाचं तर नावच काढू नका. रामकुंडावर लोक पाप धुवायला येणार, आणि चक्कर येऊन पडायचा अधिकार त्या काळात फक्त भाविकांना.

आणि समजा, झालीच रजा मंजूर. तुमचं काम कोण करणार? पदं रिकामीच, म्हणून अतिरिक्त कार्यभार शेजारच्याच्या गळ्यात. महसुलात तलाठ्याच्या कार्यक्षेत्राला 'सजा' म्हणतात. 2024 साली तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. सजा होती तिथेच आहे. एकाने मेडिकल टाकली की दुसऱ्याला 'अतिरिक्त सजा' मिळते. हा शब्द ज्याने रूढ केला त्याला माझा दंडवत. तेव्हा शेजाऱ्याला सात-बाराच्या नोंदींसाठी माणसांनी घेरलेलं असताना तुम्ही काय करू नये, तर गंगापूर रोडला काळ्या रश्शात पाव बुडवताना दिसू नये. मेडिकलवरच्या माणसाच्या तोंडाची चव कागदोपत्री गेलेली असते. सोमेश्वरचा धबधबा स्टेटसला टाकू नका. ऑफिसातल्या कुणाचा ना कुणाचा साडू तुमच्या कॉलनीत राहतोच.

चेष्टा क्षणभर बाजूला. 14416 या नंबरची एक सोय आहे, टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. मी हा नंबर ऑफिसात चिठ्ठीवर लिहून फिरवला. सगळ्यांनी वाचला, कुणी ठेवून घेतला नाही. संध्याकाळी चिठ्ठी माझ्याच टेबलावर परत आली. घडी मात्र चार-पाच जागी वेगवेगळी मोडलेली होती.

रजेत फोन बंद ठेवू नका, संशय येतो. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी तो वाजणारच.
'कसं वाटतंय आता?'
'बरं आहे, साहेब. सलाईन चालू आहे.'
'असू द्या, असू द्या. ती कपाटाची किल्ली कुठंय?'

किल्ली कॅलेंडरमागे असते, आवाज जरा खोल काढून तेवढं सांगा. पुढे फिटनेसचा दाखला घेऊन हजर व्हाल तेव्हा टेबलावर टपालाचा ढीग असेल, त्यावर तीन स्मरणपत्रं, आणि ज्याने तुमचा कार्यभार सांभाळला त्या शेजाऱ्याची खुर्ची रिकामी. शिपाई त्याचा अर्ज तुमच्यासमोर ठेवेल. अक्षर थोडं थरथरलेलं. आजाराच्या जागी जुलाब लिहिलेलं. अर्जाला टाचलेली त्याच्या कपाटाची किल्ली आधी सोडवून घ्या, मग मस्टरवर सही करा.