‘औषध कमी, उपदेश जास्त’ या अभिप्रायास चिकित्सालयाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय लक्षपूर्वक वाचला. आमच्या आयुर्वेद चिकित्सालयाला एक तारा देताना आपण तीन मुख्य तक्रारी मांडल्या आहेत. तीन महिने चूर्ण घेऊनही एचबीए१सी, म्हणजे रक्तातील सरासरी साखर दाखवणारा तपासणीचा आकडा, ६.२ वरून ६.० इतकेच उतरले. आयुर्वेदाचे म्हणवून घेत असूनही आम्ही सेंद्रिय गुळाचा चहा आणि रात्रीचा दहीभात बंद करायला लावला. आणि ‘९० दिवसांत शुगरमुक्त’ असा कोर्स इतरत्र मिळत असताना आम्ही तो देण्यास नकार दिला. ‘औषध कमी, उपदेश जास्त’ हे त्यावरचे आपले शब्द आहेत. रुग्णाची नोंद गोपनीय असते, त्यामुळे आपल्या केसपेपरमधील काहीही येथे न लिहिता, आपण स्वतः जाहीर केलेल्या गोष्टींपुरतेच उत्तर देतो.

गुळापासून सुरुवात करतो, कारण हा प्रश्न आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. चरकसंहितेत प्रमेहाची, म्हणजे मूत्रविकारांच्या एका गटाची, कारणे सांगताना सुखाने बसून राहणे, सुखाने झोपून राहणे, दही, दूध, नवे धान्य आणि गुळापासून केलेले पदार्थ यांची नावे घेतलेली आहेत, आणि मधुमेह हा प्रमेहाचाच एक प्रकार मानलेला आहे. तेव्हा गूळ सोडण्याचा सल्ला आयुर्वेदाला सोडून नव्हे, तर आयुर्वेदाला धरूनच दिलेला आहे. गुळात साखरेपेक्षा थोडे क्षार अधिक असतात हे खरे, पण त्याचा फार मोठा भाग शेवटी साखरच असतो, आणि ऊस सेंद्रिय पद्धतीने पिकवला म्हणून ती कमी होत नाही. दिवसातून तीन-चार वेळा गुळाचा चहा घेणाऱ्या व्यक्तीने साखरेचा डबा बंद केला तरी रक्तातील साखरेला त्याचा फारसा उपयोग होत नाही. दह्याबाबत आधुनिक आहारशास्त्र इतके कडक नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. आमचा आक्षेप आहे तो रात्री उशिरा भरपेट दहीभात खाऊन लगेच आडवे होण्याला. दुपारच्या जेवणात वाटीभर ताक घेण्यास आम्ही कोणालाही मनाई करत नाही. उपवासाच्या साबुदाणा खिचडीचेही असेच आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा. म्हणून उपवास मोडू नका, पण भगरीबरोबर दाण्याची आमटी घ्या आणि भगर बेताची वाढून घ्या, असे आम्ही सांगतो.

आता आकड्याविषयी. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर त्याला पूर्वमधुमेह म्हणतात, आणि ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवते. म्हणजे आपल्या दुसऱ्या तपासणीत बदल सुरू केल्याचे पहिले दिवसही मिसळलेले आहेत. शिवाय ०.२ चा फरक प्रयोगशाळेच्या मोजणीतील चढउतारातही बसू शकतो. म्हणून ही उतरण मी आमचे यश म्हणून मिरवणार नाही. परंतु एवढ्यावरून उपचार वाया गेला असे म्हणण्यासही आधार नाही. लोहाच्या कमतरतेमुळे पंडुरोग असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, त्यामुळेच आम्ही हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची साखरही सोबत तपासायला सांगतो.

‘चालायलाच सांगायचे होते तर फी कशाची घेतली’ हे आपले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण आमच्या कामाचे स्वरूपच त्यात विचारले आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात वजन ७ टक्के कमी करणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करणे हे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन हे साखर उतरवणारे ॲलोपथीचे औषध घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अभ्यासात जीवनशैलीच्या गटातील घट २८.५ टक्के होती, आणि तीही वजन फारसे न उतरता. या तोलाचा पुरावा मेथी, कारले, जांभूळबी किंवा गुडमार यांच्यापैकी एकाही वनस्पतीच्या पाठीशी आज नाही. मी वैद्य आहे, या वनस्पती मी रोज देतो, आणि तरीही हे लिहितो. कारण चूर्णाच्या डबीवर भरवसा ठेवून चालणे सोडणारी माणसे मी पाहिली आहेत.

मग औषध कशासाठी? मेथीदाण्यातील विरघळणारा तंतू पाण्यात फुगून बुळबुळीत होतो आणि जेवणातील साखर रक्तात सावकाश उतरू देतो. म्हणून ती जेवणाआधी भिजवून घ्यायची असते, वाटेल तेव्हा चिमूटभर फाकायची नसते. हळद आणि आवळा ही जोडी अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात प्रमेहासाठी श्रेष्ठ म्हणून सांगितली आहे. गुडमारचे पान चावून जिभेवर साखर ठेवून पाहा, गोडी लागतच नाही, नुसती वाळू खाल्ल्यासारखे वाटते. रात्री जेवणानंतर गोड खाण्याची तलफ ज्यांना आवरत नाही त्यांना याचा खरा आधार होतो. ही सारी मदत आहे, आणि तिची किंमत आम्ही मदतीइतकीच धरतो.

शुगरमुक्तीचा कोर्स आम्ही विकत नाही आणि विकणार नाही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याने मनाई आहे. त्याहून मोठे कारण असे की, ‘शंभर टक्के वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत रक्तातील साखर उतरवणाऱ्या ॲलोपथीच्या गोळ्या मिसळलेल्या आढळल्या आहेत. साखर झपाट्याने उतरवणारे बिनलेबलचे चूर्ण मिळाले तर कृपया ते घेऊ नका. ज्यांना आधीपासून मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या स्वतःहून बंद करू नयेत, आणि कारले किंवा गुडमार सुरू करताना आपल्या डॉक्टरांना तसे सांगावे, कारण दोन्हींचा परिणाम मिळून साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. गुळवेल आपण मागितली असतानाही आम्ही दिली नाही, असेही आपण लिहिले आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, तरीही यकृताची तपासणी पाहिल्याशिवाय ती महिनोन्‌महिने देणे मला योग्य वाटत नाही.

आपल्याकडे न उघडलेल्या डब्या शिल्लक असतील तर त्या पावतीसह आणाव्यात, त्यांचे पैसे परत केले जातील. पुढची एचबीए१सी तपासणी आधीच्याच प्रयोगशाळेत तीन महिन्यांनी करून घ्यावी, आणि अहवाल मला दाखवायचा असेल तर त्यासाठी फी घेतली जाणार नाही. तोवर निदान रात्रीच्या जेवणानंतरचे पंधरा-वीस मिनिटांचे चालणे सोडू नये, ही मनापासून विनंती.

आपला,
वैद्य व संचालक